नसलेल्या नवऱ्याचं सुतक

रखमीने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग गळ्याकडे, आणि मग हातातली सुकटाची पिशवी खाली टाकून रंजिताला सरळ छातीशी ओढलं. रविवारची भर दुपार, शहापूरचा बाजार, शेजारी विळ्यांना धार लावणाऱ्याचं चाक किरकिरतंय आणि गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली एक म्हातारी जीन्समधल्या पोरीला कवटाळून ओक्साबोक्शी रडतेय. लोक थांबून बघायला लागले. रंजिताला वाटलं, हिरी गेली. हिरी म्हणजे रखमीची सून, खर्डीच्या वरच्या पाड्यावरची, आठवा महिना चालू असलेली, जिच्या पायांवरची सूज आता तोंडावर चढली होती आणि जिला उद्या सोमवारी रंजिता स्वतः दवाखान्यात आणणार होती. ‘मावशी, काय झालं? हिरी बरी आहे ना?’ रखमीने नाक पुसलं. ‘हिरी बरी हाय गो. तुझंच कसं झालं ह्ये? कवा झालं? इतकी साजरी पोर माझी…’ आणि तिचा खरबरीत हात रंजिताच्या उघड्या गळ्यावरून फिरला. तेव्हा कुठे रंजिताच्या डोक्यात उजेड पडला. मंगळसूत्र खोलीवर राहिलं होतं. रविवारी ती ते घालत नसे. खरं तर सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, म्हणजे पाड्यावर जायच्या दिवशी, आणि तेही खर्डी फाट्याला उतरल्यावर, तेवढंच ती ते घालत असे.

त्याच क्षणी तोंड उघडायला हवं होतं. ‘अहो, तुटलं, गाठवायला दिलंय,’ इतकं साधं वाक्य. लहान पोरालाही सुचलं असतं. पण ते सुचायच्या आत तिला रडू फुटलं, आणि याचा राग तिला नंतर दिवसभर पुरला. रडायचं कारण काय, तर काही नाही. सकाळी नर्सिंग कॉलेजच्या संजीवनी मॅडमनी तिसऱ्यांदा तिचा तक्ता परत केला होता, अक्षर मागच्या रांगेतून दिसत नाही म्हणून. पाड्यावर मागची रांग नसते, सगळ्या बायका अंगाला अंग लावून ओटीवर बसतात, हे मॅडमना सांगून उपयोग नव्हता. खोलीत पाच मुली आणि एक पंखा. आणि कित्येक महिन्यांत कोणी तिला असं धरलं नव्हतं. रखमीच्या अंगाला चुलीच्या धुराचा आणि भाताच्या पेंढ्याचा वास होता, तिच्या आईच्या अंगाला असतो तसाच. बस्स, त्यावरून बांध फुटला. आणि म्हातारीने त्या रडण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला. ‘रड, रड. रडून घे,’ ती म्हणाली, ‘आन उद्या तू नको येऊ. सुतक हाय. पोटुशीच्या अंगाला तुझा हात नको लागाया. हिरी तुझ्याबिगर दवाखान्यात जायाची नाय, तर नाय जायाची. आमी घरीच करू. तू तुझ्या जिवाकडं बघ, बाय.’ पिशवी उचलून, पदराने डोळे पुसत ती जीपच्या दिशेने गेलीसुद्धा. एवढा चांगुलपणा अंगावर आदळल्यावर माणसाने करायचं काय?

मनस्वी स्टेशनरीच्या दुकानातून नव्या तक्त्याच्या कागदाची सुरळी घेऊन आली. ही तिची वर्गमैत्रीण, डोंबिवलीची, खोलीतलीही. ‘कोण गं ती? काय झालं?’ रंजिता म्हणाली, ‘माझा नवरा वारला.’ मनस्वी एवढ्या मोठ्याने हसली की धारवाल्याने चाक थांबवून पाहिलं. मग रंजिताचा चेहरा बघून तिचं हसू ओसरलं. ‘अगं, मग सांग ना उद्या जाऊन, गाठवायला दिलं होतं. त्यात काय एवढं!’ मनस्वीच्या जगात कशातच काही एवढं नसतं. खोटं बोलायचं, निभावलं तर ठीक, नाहीतर दुसरं बोलायचं. रंजिताला तिचा हेवा वाटला आणि तिच्या हातातली ती सुरळी ओढून गटारात फेकावीशी वाटली.

आरोग्य संवर्धन म्हणजे लोकांना स्वतःच्या आरोग्यावरचा ताबा वाढवायला समर्थ करणं. ही व्याख्या तिने परीक्षेत लिहिली होती, पाठ होती म्हणून नव्हे, पटली होती म्हणून. धसईच्या पुढच्या गावातून, मुरबाडच्या एसटीत उभ्याने कॉलेज करत बारावी झालेल्या मुलीला ते वाक्य वाचून अंगावर काटा आला होता. आधी ज्ञान, मग वृत्ती, मग वर्तन, अशा तीन पायऱ्या पुस्तकात काढलेल्या होत्या, बाणांसकट. चौथ्या वर्षी सामुदायिक परिचर्येची पोस्टिंग लागली, शहापुरात खोली मिळाली, आणि पहिल्याच दिवशी उंबरमाळीच्या एका पाड्यावर त्या पायऱ्यांवरून ती तोंडावर आपटली. चित्रांचे तक्ते घेऊन गेली होती, गरोदरपणातली धोक्याची लक्षणं. चित्रातली बाई गोरी, हिरव्या साडीची, हात मांडीवर ठेवून बसलेली. एका बाईने निरखून पाहिलं आणि विचारलं, ‘हिला काय कामधंदा नाय काय?’ हसल्या सगळ्या. ते चाललं असतं. पण मग जनाबाई म्हणून एक जाडजूड बाई होती, ती म्हणाली, ‘पोरी, तुझं लगीन झालंय का?’ ‘नाही.’ ‘मंग? वांझेला काय कळा ठावं, तशातली गत. तू आमाला शिकवनार, पोर कसं काढायचं?’ त्यानंतर त्या अर्धा तास हसत होत्या आणि रंजिता अर्धा तास तक्ते उलटत होती. रक्तस्राव. उलटा तक्ता. झटके. उलटा तक्ता. एकही अक्षर कोणाच्या कानात शिरलं नाही. त्यांचंही चूक म्हणावं, तर तिच्या स्वतःच्या घरात काय वेगळं होतं? गेल्या वर्षी वहिनीला दिवस गेले तेव्हा तिने आईला सांगितलं होतं, हिला लोहाच्या गोळ्या रोज देत जा, चुकवू नको. आई भाकरी थापता थापता म्हणाली, ‘तू गप. कुवार पोरीनं असल्यात तोंड घालू नये.’ शहापूर काय आणि मुरबाड काय, दोन तालुक्यांत मिळून नियम एकच. ज्ञान, वृत्ती, वर्तन यांच्या आधी एक पायरी होती, लग्न, आणि ती पुस्तकात छापायची राहिली होती.

काळ्या मण्यांची युक्ती तिची नव्हती. वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितली, अगदी सहज, फील्डवर जाताना पाण्याची बाटली घ्या म्हणून सांगावं तशी. सगळ्या घालतात म्हणे. बाजारातून तिने दोन पिवळ्या वाट्यांचं एक मंगळसूत्र आणलं, वाट्या इतक्या हलक्या की वाऱ्याने उलटायच्या. खर्डीला नवा पाडा मिळाला, तिथे ती ते घालून गेली, आणि काय आश्चर्य! तेच तक्ते, तीच हिरव्या साडीची बाई, तीच रंजिता, आणि ओटीवर चिडीचूप. बायका विचारायला लागल्या, ‘ताई, माझ्या बी पायाला सूज येते, ती कशानं?’ त्या दिवशी परतताना तिला आनंद व्हायला हवा होता, पण डोक्यात नुसता संताप होता. चार वर्षं, रात्रीच्या ड्युट्या, शरीररचनेची ती जाडजूड पुस्तकं, बापाने जमीन गहाण न टाकता कसंबसं भागवलेलं सगळं, आणि या सगळ्यापेक्षा बाजारातल्या चार काळ्या मण्यांचं वजन जास्त? मग मी शिकले कशाला? मण्यांनाच पाठवा की पाड्यावर, गळ्याची तरी काय गरज?

एक खोटं बोललं की त्याला पोरंबाळं होतात. इथे तर शब्दशः झाली. नवरा काय करतो? मुरबाडला कंपनीत असतो. नाव घे! घेतलं, दीपेश, दहावीत पुढच्या बाकावर बसायचा त्याचं. पोरं किती? एक मुलगी. नाव? तोंडात पटकन मनस्वीचं आलं. खोलीवर आल्यावर ते ऐकून मनस्वी म्हणाली, ‘मग आई, उद्यापासून माझा डबा तू भर,’ आणि दोघी पोट धरून हसल्या होत्या. तेव्हा ती गंमत होती. मग हिरीची गाठ पडली, आणि गंमत संपली. हिरी वयाने तिच्याएवढीच, पण पहिलं बाळ घरी होऊन पाचवी पुजायच्या आतच गेलेलं, आणि आता हे दुसरं. तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला की दर वेळी आकडा थोडा वर. दवाखान्याचं नाव काढलं की ती मान खाली घालायची. तिची एक मावसबहीण शहापुरातून पोट शिवून आली होती आणि आख्खी भातलावणी बांधावर बसून राहिली होती. त्यावरून तिच्या घरात तिला जे ऐकावं लागलं ते हिरीने डोळ्यांनी पाहिलं होतं. रंजिताने तिला सगळं समजावलं, सूज का येते, झटके कसे येतात, आई आणि बाळ दोन्ही कशी जातात. सगळं खरं. हिरी नुसती ऐकायची. एक दिवस तिने हळूच विचारलं, ‘ताई, तुझी पोरगी कुठं झाली?’ आणि रंजिता म्हणाली, ‘शहापूरलाच, त्याच दवाखान्यात. काही चिरलं नाही, फाडलं नाही. तिसऱ्या दिवशी घरी. मी होते ना तिथे, मी सांगते.’ हिरीने मान वर केली. ‘तुला भ्या नाय वाटलं?’ ‘वाटलं. तुझ्याएवढंच.’ तेव्हा हिरी हसली, पहिल्यांदा, आणि म्हणाली, ‘मंग तू संगं आसशील तर यीन.’ त्या रात्री रंजिताने अहवालात लिहिलं, परिणामकारक संवादातून कुटुंबाचं मन वळवलं. संजीवनी मॅडमनी खाली लाल शाईने ‘छान’ लिहिलं होतं.

खोलीवर येऊन तिने निळी पिशवी उचलली, त्यात बीपीचं मशीन आहे हे चाचपलं. कपडे बदलले, पंजाबी ड्रेस घातला. मंगळसूत्र कंपासपेटीत होतं, पेन्सिली आणि खोडरबर यांच्यात. ते हातात धरून ती खाटेवर बसली. हे घालून गेलं तर उद्याची गोष्ट वाचते. गाठवायला दिलं होतं, मावशी. रडले ते वेगळ्याच कारणाने, मॅडम बोलल्या म्हणून. म्हातारी चिडेल, मग हसेल, आणि हिरी येईल दवाखान्यात. हिरी यायला हवी, बाकी सगळं गेलं खड्ड्यात. खरं बोलून काय मिळणार होतं? खरं बोलण्याची चैन ज्याच्या सुनेला सूज नाही त्याने करावी. असं तिने स्वतःला बजावलं, आणि आकडा मानेमागे अडकवला. तिसऱ्या खेपेला तो अडकला.

इको गाडीत मागच्या बाकावर ती खिडकीशी बसली. हायवेच्या दोन्ही बाजूंना हळवं, लवकर येणारं भात पिकून पिवळं पडलेलं, कुठे कापणी सुरू झालेली, वाकलेल्या पाठी. ऑक्टोबरचा उकाडा असा की काचेला डोकं टेकवावं तर तीही तापलेली. शेजारच्या बाईने सवयीने गळ्याकडे पाहिलं, मग विचारलं, ‘माहेर खर्डीचं काय?’ रंजिता ‘हो’ म्हणाली. उगाच. काही गरज नव्हती. आता ते आपोआप यायला लागलं होतं. तिला एकदम वाटलं, की आपला नवरा मेला असं कोणी म्हटल्यावर ज्या पोटात कळ उठायला हवी, तिथे खरंच काहीतरी हललं होतं बाजारात. नसलेल्या माणसासाठी. दीपेशचा चेहराही तिला धड आठवत नव्हता, फक्त मानेवरचे कापलेले केस. आणि ती नसलेली मुलगी, तिचं आता काय? रखमी जाऊन पाड्यावर सांगणार, ल्हान पोर हाय गो तिच्या पदरात. बायका हळहळणार. कोणी एखादी आपल्या घरातले चार मूठ तांदूळ बांधून ठेवेल तिच्यासाठी. छे! तिने डोळे मिटले. आपल्याला राग नक्की कोणाचा येतोय ते तिला ठरवता येईना. बायकांचा म्हणावा, तर त्या तिच्यासाठी रडत होत्या. मॅडमचा म्हणावा, तर त्यांनी बिचाऱ्यांनी फक्त अक्षर मोठं काढायला सांगितलं होतं. आईचा म्हणावा, तर आई दर फोनवर एकच विचारायची, परीक्षा कधी संपते, म्हणजे आम्ही स्थळं बघायला मोकळे. तिकडे खऱ्या मण्यांची घाई होती. म्हणजे एकदा ते घातले की ही पोरगी शहाणी झाली, हिला आता वहिनीच्या गोळ्यांबद्दल बोलायला हरकत नाही.

फाट्यावर उतरून ती पाड्याची चढण चढली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. रखमी तिच्या आधी पोचली होती. अंगणात चार-पाच बायका बसलेल्या, आणि मधोमध हिरी, भिंतीला टेकून, पाय लांब करून. दोन दिवसांत तिचा चेहरा इतका सुजला होता की डोळे बारीक झाले होते. रंजिताला पाहून पहिली उठली तीच. मग तिची नजर गळ्यावर गेली आणि ती सासूला ओरडून म्हणाली, ‘आत्या, बघ! हाय मंगळसूत्र! मी बोलत व्हती ना!’ रंजिताने ठरवलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं, तुटलं होतं, गाठवायला टाकलं होतं, मॅडम रागावल्या म्हणून रडले. बायकांनी सुस्कारे सोडले. एक जण म्हणाली, ‘ही म्हातारी बी ना! जित्या मानसाला मारून आली.’ हशा पिकला. किती सोपं होतं! रंजिता हसली, पिशवी खाली ठेवली, पट्टा काढला, आणि हिरीच्या दंडाला हात लावणार तोच रखमी म्हणाली, ‘थांब.’

रखमी हसत नव्हती. ती पुढे येऊन सुनेच्या आणि रंजिताच्या मध्ये बसली. ‘पोरी, राग नको मानू. मी बाजारात तुला रडताना बघितली. मॅडम बोलली म्हनून कोन तसं रडत नाय. माझा जवा गेला तवा मी बी चार दिस काळे मनी काढले नव्हते, कोनाला सांगितलं नव्हतं, कापनी चालू व्हती म्हनून. बाया लपवतात, मला ठावं हाय. तुझ्या मनात आसंल, हिरीला दवाखान्यात न्यायची, म्हनून लपवत आसशील. तुझं मन चांगलं हाय. पन हिचं एक पोर पाचवीच्या आत गेलंय. मला दुसरं नाय घालवायचं.’ तिने रंजिताचं मनगट धरलं. ‘हिच्या पोटावर हात ठेव आन बोल, माझा नवरा हाय. मंग हात लाव, दवाखान्यात ने, कुठं बी ने.’

अंधश्रद्धा निर्मूलनावर रंजिताने याच अंगणात भाषण दिलं होतं, तक्त्यांसकट. पोटावर हात ठेवून काहीही बोललं तरी आतल्या बाळाला त्याने काही होत नाही. होतं ते रक्तदाबाने होतं. हे तिला तिच्या नावाइतकं माहीत होतं. तेव्हा हात ठेवायचा, तीन शब्द बोलायचे आणि पट्टा बांधायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. तिने हात ठेवला. लुगड्याखाली पोट घट्ट, तापलेलं, आणि तळव्याला आतून एक टणक टोक लागलं, टाच असेल किंवा कोपर, ते सरकलं. हिरी तिच्या तोंडाकडे पाहत होती, सुजलेल्या पापण्यांतून, पूर्ण विश्वासाने. ‘बोल गो,’ रखमी म्हणाली. रंजिताने तोंड उघडलं, पण घशातून आवाजच येईना. बोल, मूर्खे, ती स्वतःला म्हणत होती, काही होत नाही, तूच शिकवतेस ना काही होत नाही म्हणून! आणि तो तिचा हात, चार वर्षं शिकलेला, सुया टोचणारा, नाड्या मोजणारा, त्या पोटावरून आपोआप मागे आला. बायकांत कुजबुज झाली. रखमीने डोळे मिटले. ‘म्हंजे गेलाच,’ ती म्हणाली.

‘नाही गेला,’ रंजिता म्हणाली. ‘नव्हताच. माझं लग्न झालेलं नाही, मावशी. हे बाजारातलं आहे.’ आणि तिने मानेमागचा आकडा ओढला, दोरा तुटला, मणी लुगड्यांच्या घड्यांत आणि शेणाने सारवलेल्या अंगणात पडले. कोणी ते वेचले नाहीत. मग हिरीने विचारलं, अगदी बारीक आवाजात, ‘मंग तुझी पोरगी?’ ‘नाही.’ ‘शापूरच्या दवाखान्यात झालेली… चिरलं नाय बोललीस…’ ‘मी कधी बाळंत झाले नाही, हिरे.’ हिरी विचार करत राहिली. तिच्या कपाळावर आठी पडली, हिशोब न जुळणाऱ्या मुलीसारखी. ‘मंग ह्ये सुजीचं,’ ती म्हणाली, ‘झटके येतात, जीव जातो, ह्ये तरी खरं का?’ ‘ते खरं आहे,’ रंजिता म्हणाली. आणि बोलता बोलताच तिने स्वतःचा आवाज ऐकला. अगदी तोच होता. मुलीचं सांगताना होता तोच, तितकाच ठाम, तितकाच मायेचा. खऱ्यासाठी तिच्याकडे दुसरा आवाजच शिल्लक नव्हता.

‘उठा गो बायांनो,’ रखमी म्हणाली, ‘खेळ झाला.’ ती रागावली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ती नुसती थकलेली दिसत होती. आपलं रडणं फुकट गेल्याची लाज तिच्या तोंडावर होती, आणि ती लाज बघणं रंजिताला सोसेना. तिने ओरडायला सुरुवात केली. काय ओरडली ते तिलाही नीट कळलं नाही. मला खोटारडी म्हण, मारायचं तर मार, पण हिला ने, आजच ने, उद्या नाही, हिचं तोंड बघ, मावशी, तू बघ तिच्या तोंडाकडे! मावशीला ती पहिल्यांदाच अगं-तुगं करत होती. ‘तुमी लोकं आमच्या नशिबाला कशापाय आलाव,’ रखमी पुटपुटली. तेवढ्यात हिरीने स्वतःचा दंड पुढे केला. रंजिताकडे न बघता. रंजिताने पट्टा बांधला, नळी कानाला लावली, हवा सोडली. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे, खालचा एकशे दहा. ती काही बोलायच्या आत हिरी सासूला म्हणाली, ‘आत्या, सकाळपास्नं माझ्या डोळ्यांपुढं काजवे येतात. कपाळ फुटतंय. मी कोनाला बोलली नाय.’ ‘आगं, मंग बोलायचं!’ ‘हिनं सांगितलं व्हतं, आसं व्हतं म्हनून. काजवे येतील बोलली व्हती. तसंच येतात. मंग ते तरी खरं आसंल.’

रंजिताने रुग्णवाहिकेसाठी एकशे आठला फोन लावला. रखमीने गोधडी बांधली, कमळूला, म्हणजे हिरीच्या नवऱ्याला, खाचरातून हाक मारून आणलं. तो विळा हातात घेऊनच आला आणि काय झालं ते कोणी त्याला नीट सांगितलं नाही. दोघांनी हिरीला धरून चढण उतरवली. रंजिता पिशवी घेऊन मागून चालत होती, थोडं अंतर ठेवून, कोणी सांगितलेलं नसतानाही. डांबरी रस्त्यावर गाडी आली, आतल्या डॉक्टरने उतरून विचारपूस केली, रंजिताने सगळं सांगितलं, महिना, आकडा, काजवे, पहिलं बाळ, एकही शब्द न चुकता. डॉक्टर म्हणाला, ‘वेळेवर कळवलंत, सिस्टर. चला, बसा, वाटेत लक्ष ठेवायला बरं पडेल.’ रंजिताने पाय पायरीवर ठेवला. आतून, स्ट्रेचरवरून, हिरी म्हणाली. तिला नव्हे, रखमीला. ‘ही नको.’

डॉक्टरने एकीकडून दुसरीकडे पाहिलं. रखमी सुनेच्या केसांवरून हात फिरवत राहिली. रंजिताने पाय खाली घेतला. दार लागलं, गाडी वळली, हायवेच्या दिशेने गेली. कमळू पाड्यावरच्या कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून गेला. खाली आलेल्या बायका पुन्हा चढण चढायला लागल्या, आपापसांत बोलत, आणि त्यांतल्या एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. येणार होती ना हिरी दवाखान्यात? मग गेली. एवढंच हवं होतं. याहून जास्त काही हवं असण्याचा आपल्याला काय हक्क, असं तिने मनाशी म्हटलं, आणि तरी तिची नजर गाडी गेली त्या वळणावरच राहिली, आणि त्याचाही तिला राग आला.

तिने फोन काढला. दवाखान्यातल्या प्रसूती कक्षाचा नंबर तिच्याकडे होता, मागच्या पोस्टिंगचा. पलीकडच्या बाईंचा आवाज घाईत होता. एक पेशंट निघालीय, रंजिताने सांगितलं, हिरी कमळू, आठवा महिना, बीपी इतकं, डोळ्यांपुढे काजवे, टेबल तयार ठेवा. बाईंनी सगळं परत म्हणून दाखवलं. ‘सोबत कोण आहे?’ ‘सासू आहे.’ ‘बरं. आणि तुम्ही कोण तिच्या?’ भाताने भरलेली एक टेम्पो-गाडी धूळ उडवत गेली. ‘हॅलो? तुम्ही कोण बोलताय?’

‘शिकतेय अजून,’ रंजिता म्हणाली. तोवर पलीकडून फोन ठेवलेला होता.